मोत्याचे पाणी आणि छायाचित्र

बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत, 1948 साली तिची स्थापना करणाऱ्या सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी हौसेने जमविलेले हिरे, खनिजे, शिंपले व फुलपाखरे जतन केलेली आहेत. शिंपल्याच्या अंतर्भागी चमकणारे रंग रंगद्रव्याचे नव्हेत. तेथील अतिशय पातळ थरांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ते उत्पन्न होतात. पाहण्याचा कोन पालटला, की रंगही पालटतो. आजीच्या नथीतील मोत्याचे पाणी याच प्रकारचे होय.

अशी वस्तू तिच्या मूळ आकाराएवढी टिपावयाची असल्यास, ती भिंगापासून नाभीय अंतराच्या दुप्पट अंतरावर ठेवावी लागते. दूरच्या वस्तूच्या मानाने तेव्हा प्रतिमेवरील प्रकाश एक-चतुर्थांश होतो; म्हणून चौपट वेळ द्यावा लागतो. शिवाय वस्तूचा अगदी थोडा भागच रेखीव उमटतो. यास्तव भिंग किंचित सरकवीत अनेक चित्रे घेऊन त्यांतील रेखीव भाग संगणकावर जोडतात.

येथवरचे संस्करण योग्यच आहे. परंतु शोभेसाठी रंग गडद केल्यास मोत्याची खरी ओळख पुसली जाते. म्हणून दिवा स्थिर ठेवावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी, निरनिराळ्या कोनांतून चित्रे घ्यावीत आणि मूळ चित्रे जपून ठेवावीत. एखादे दिवशी नथ हरवली, तर तीच तिची साक्ष देतील.