गाडीचा अल्टरनेटर बदलताना

महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा भरते. हे गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. डोंगरावर महादेवाचे स्थान आहे. तिथे दर्गाही आहे. म्हणून या गावी हिंदूही येतात आणि मुसलमानही येतात.

एके वर्षी आम्ही या यात्रेला पुस्तकांची गाडी घेऊन निघालो. आमची ही डिझेलची गाडी म्हणजे फिरते घरच. एका बाजूला पुस्तकांच्या फळ्या. दुसऱ्या बाजूला झोपायचे बाक. आत दोन दिवे आणि एक पंखा. टपावर भोंगा. गाडी उभी असली तरी रात्री दिवा-पंखा चालावा, म्हणून एक जादा बॅटरीही बसवलेली.

शिवरात्र येते अमावास्येच्या तोंडावर. चांदणे नसतेच. रस्ता रानातला. अंधार पडला आणि गाडीचे दिवे पिवळे दिसू लागले. आम्ही भोंगा बंद केला. पंखा बंद केला. तरी उजेड कमीच होत गेला. समोरून पायी यात्रेकरू येत होते. बाया होत्या, लहान मुले होती. ती अगदी जवळ आली तेव्हा कुठे दिसली! चालकभाऊंनी कचकन ब्रेक दाबला. कुणाला लागले नाही, हे नशीब. गाडी तिथेच कडेला लावली आणि सकाळ होईपर्यंत हलवली नाही.

दोष निघाला अल्टरनेटरचा. तो बदलताना आम्ही जे शिकलो, ते इथे सांगतो. तुमच्या घरी जीप असेल, ट्रॅक्टर असेल, तर तुमच्याही उपयोगी पडेल.

अल्टरनेटर काय करतो?

आपल्याकडे धानाच्या बांधीला बोडीचे पाणी देतात. बोडीत पाणी येते नाल्यातून. गाडीतही तसेच आहे. बॅटरी ही बोडी. दिवे, पंखा, भोंगा या बांध्या. आणि बोडी भरणारा नाला म्हणजे अल्टरनेटर. नाला आटला तरी बोडीतले पाणी काही वेळ पुरते. मग बोडी कोरडी पडते.

तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलवला, की तारेत वीज वाहते. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १८३१ साली दाखवून दिले. अल्टरनेटरमध्ये हेच घडते. इंजिन पट्ट्याने त्याची पुली फिरवते. आतला विजेचा चुंबक फिरतो. भोवतीच्या तारेत वीज तयार होते.

जुन्या डिझेल इंजिनाला पेटायला ठिणगी लागत नाही. म्हणून अल्टरनेटर बंद पडला तरी ते धडधडत राहते. इंजिन चालू आहे ना, मग सगळे ठीक आहे, असे आपल्याला वाटते. आमची फसगत झाली ती इथेच.

आधी खात्री करा

"नवा घेण्याआधी जुना खरोखर मेला का ते पाहू," मिस्त्री म्हणाले. म्हातारा माणूस, पण नजर बारीक. त्यांनी आधी पट्टा दाबून पाहिला. पट्टा ढिला असेल तर पुली नीट फिरत नाही. मग बॅटरीची टोके पाहिली. त्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली तर वीज अडते. मग चावी फिरवून समोरचा बॅटरीचा लाल दिवा पाहिला. हा दिवा चावी फिरवली की लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाले की विझला पाहिजे. कित्येक गाड्यांत या दिव्यातूनच अल्टरनेटरला सुरुवातीची वीज मिळते. एवढासा बल्ब गेला, तरी मोठे यंत्र गप्प बसते!

शेवटी त्यांनी मीटर लावला. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आमच्या गाडीत १२ सुद्धा दिसेनात. त्यांनी अल्टरनेटर उघडला. नुसते कार्बन किंवा बेअरिंग झिजले असते, तर थोड्या पैशांत काम झाले असते. पण आतली तार जळून काळी पडली होती.

स्वस्तातला मोठा

आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने एक मोठा अल्टरनेटर काढला. म्हणाला, "दोन बॅटऱ्या आहेत ना? मग हाच घ्या. मोठा आहे, स्वस्तात देतो." आम्ही पैसे काढणार, एवढ्यात मिस्त्री म्हणाले, "थांबा. त्याच्यावरची पाटी वाचा."

पाटीवर आकडा होता २४. त्यापुढे इंग्रजी व्ही अक्षर. व्ही म्हणजे व्होल्ट. आमची गाडी १२ व्होल्टची! बहुतेक जीप आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात, मोठे ट्रक व बस बहुधा २४ व्होल्टच्या. नुसत्या बॅटऱ्या मोजून हे कळत नाही. दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर २४ होतात. शेजारी-शेजारी जोडल्या तर १२ च राहतात. आमच्या शेजारी-शेजारी होत्या. तो अल्टरनेटर बसवला असता, तर गाडीतले दिवे जळाले असते आणि बॅटऱ्याही उकळल्या असत्या.

किती अँपिअरचा?

व्होल्ट म्हणजे पाण्याचा जोर, तर अँपिअर म्हणजे वाहणारे पाणी. पाटीवर अँपिअरच्या आकड्यापुढे ए अक्षर असते. आमच्या जुन्या पाटीवर ३५ होते. "खर्च मांडा," मिस्त्री म्हणाले. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. आम्ही वहीत लिहिले :

समोरचे दोन दिवे, प्रत्येकी ६० वॅट : १० अँपिअर
मागचे व बाजूचे दिवे : २
आतले दोन दिवे : २
पंखा : २
भोंगा : ५
पावसात काच पुसायचा वायपर : ५
रिकाम्या झालेल्या दोन बॅटऱ्या भरायला : १५

बेरीज झाली ४१. कमाई ३५ आणि खर्च ४१! गाडी कारखान्यातून आली तेव्हा तिच्यात पंखा नव्हता, भोंगा नव्हता, जादा बॅटरी नव्हती. ते सारे आम्हीच वाढवले. बिचारा अल्टरनेटर रोज पूर्ण ताकदीने राबून तापत गेला आणि शेवटी जळाला. तसाच दुसरा आणला असता, तर तोही जळाला असता.

शिवाय इंजिन हळू चालते तेव्हा अल्टरनेटर पाटीवरच्या आकड्याइतकी वीज देत नाही. म्हणून आम्ही ६० अँपिअरचा निवडला. पण नाला मोठा केला, तर पाटही रुंद करावा लागतो. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंतची तार मिस्त्रींनी जाड घातली. बारीक तारेतून जास्त वीज गेली तर ती तापते, आणि गाडी पेट घेऊ शकते.

पाठीमागचा पंप

आता सर्वांत मोलाची गोष्ट. पुष्कळ डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे एक छोटा पंप असतो. तो हवा ओढून घेतो. त्यामुळे ब्रेकला जोर मिळतो आणि पाय हलकाच दाबावा लागतो. आमच्या गाडीत असाच पंप होता. दुकानातल्या त्या स्वस्त अल्टरनेटरला पंप नव्हता. तो बसवला असता तर ब्रेक जड झाला असता. रात्री ती मुले समोर आली, तेव्हा गाडी वेळेत थांबली ती या पंपाच्या जोरावर. आम्हाला त्याचे नावही ठाऊक नव्हते!

पंपाबरोबर बाकीची जुळणीही पाहिली. बसवायचे कान तेच हवेत. पुलीची खाच पट्ट्याला बसली पाहिजे. पट्टा सरळ रेषेत धावला पाहिजे. म्हणून जुना अल्टरनेटर दुकानात सोबत न्यावा आणि नवा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा. नव्या गाड्यांत मात्र कित्येकदा गाडीतला संगणकच अल्टरनेटरला हुकूम देतो. तिथे कंपनीने त्या गाडीसाठी सांगितलेलाच घ्यावा.

आणखी एक सांगणे. काही जुने चालक इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढतात. "गाडी चालू राहिली तर चार्जिंग बरोबर," असे म्हणतात. असे कधी करू नका. त्याने अल्टरनेटरमधले नाजूक भाग जळतात. मीटर लावून पाहणे हेच बरे.

आम्ही प्रतापगडला एक दिवस उशिरा पोचलो. पुस्तके पाहायला गर्दी झाली. परतताना पुन्हा रात्र झाली, पण या वेळी दिव्यांत वाटेवरचा खडान्‌खडा दिसत होता.

उद्या इंजिन बंद असताना तुमच्या गाडीचे बॉनेट उघडा. अल्टरनेटरवरची पाटी फडक्याने पुसा. व्ही आणि ए ही दोन अक्षरे शोधा. त्यांच्याजवळचे आकडे वाचा. पाठीमागे पंप आहे का, तेही पाहा. हे सारे वहीत लिहून गाडीतच ठेवा. ही दोन ओळींची नोंद जवळ असली, की कुणी तुम्हाला भलताच माल देऊ शकणार नाही.