विश्लेषण : खारीवर नेम धरण्याआधी... रायफल, बारा बोर आणि विनापरवान्याची एअरगन यांत फरक काय?

पेरू पिकू लागले की खार हजर होते. भिवंडीत तर तिला झाडाचीही फारशी गरज नाही. लूमच्या शेडचा पत्रा, गोदामाच्या छताखालची फट, बंद पडलेल्या एसीचा खोका, कुठेही ती घरटे करते. ते करण्यासाठी काथ्या, चिंध्या, कापूस जे मिळेल ते ओढून नेते, आणि वाटेत एखादी वायरही कुरतडते. मग कुणीतरी सल्ला देतो : ‘एक एअरगन मागव. लायसन्स लागत नाही. विषय संपला.’

विषय संपत नाही, तिथून सुरू होतो.

यूट्यूबवर खारीच्या शिकारीचे व्हिडिओ ढिगाने आहेत. बहुतेक अमेरिकेतले. तिथे खार हा शिकारीचा प्राणी आहे, तिचा हंगाम असतो, दिवसाला किती मारायच्या याची मर्यादा असते, आणि लोक ती खातातही. तिथल्या शिकाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे. खारीसाठी रायफल बरी की शॉटगन? आपल्याकडे हा प्रश्न पहिल्याच पायरीवर अडतो, कारण भारतात खार कोणत्याही बंदुकीने मारली तरी गुन्हाच आहे. तरीही या दोन बंदुकांमधला फरक माहीत असलेला बरा. आपला शस्त्र कायदा त्याच फरकावर बेतलेला आहे आणि एअरगनबद्दलचा गैरसमजही तिथूनच उलगडतो.

रायफल आणि शॉटगनमध्ये नेमका फरक काय?

फरक नळीच्या आत आहे. रायफलच्या नळीला आतून सर्पिल खाचा असतात. गोळी त्या खाचांमधून जाताना स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरणारा भोवरा जसा सरळ उभा राहतो तशी ती हवेत सरळ राहते. एक गोळी, एक नेम, लांबचा पल्ला. छोट्या शिकारीसाठी जगभर वापरली जाते ती पॉइंट टू-टू रायफल. म्हणजे ०.२२ इंच, सुमारे ५.६ मिलिमीटर व्यासाची गोळी. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक जिंकले ते याच व्यासाच्या रायफलने. त्या प्रकारात ५० मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. शर्टाच्या बटणाएवढे. रायफलची ताकद म्हणजे ही अचूकता.

शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्या काडतुसात एक गोळी नसून शिशाचे छर्रे असतात. बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसात साधारण २८ ग्रॅम शिसे आणि दोनशेहून अधिक छर्रे असू शकतात. ते नळीतून बाहेर पडल्यावर पसरत जातात. हलत्या लक्ष्यावर नेम थोडा चुकला तरी चालतो, पण ३५-४० मीटरच्या पुढे छर्रे विरळ होतात आणि जोरही ओसरतो. आपल्याकडे हिला ‘बारा बोरची बंदूक’ म्हणतात. बारा इंच नव्हे, बारा मिलिमीटरही नव्हे. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोर. नळीचा व्यास येतो सुमारे साडेअठरा मिलिमीटर. म्हणूनच वीस बोरची नळी बारा बोरपेक्षा लहान असते, हे ऐकून अनेक जण चक्रावतात.

अमेरिकेतल्या वादाचे उत्तर यातच आहे. झाडावर दाट पाने असतात, खार दिसते-न दिसते आणि फांद्यांवरून पळते, तेव्हा तिथले शिकारी शॉटगन घेतात. पानगळ झाली, खार उघड्या फांदीवर स्थिर बसली की पॉइंट टू-टू. छर्रे मांसात रुततात आणि खाताना दाताखाली येतात, ही रायफलवाल्यांची तक्रार. रायफलची गोळी चुकली तर ती कुठे जाऊन पडेल, हा शॉटगनवाल्यांचा प्रतिप्रश्न.

हा प्रतिप्रश्न भिवंडीत किती गंभीर?

इथे थोडे गणित करू. पॉइंट टू-टूची गोळी पन्नास-शंभर मीटरवर उपयोगाची असली तरी ती तिथे थांबत नाही. नळी वर करून झाडली तर ती दीड मैलापर्यंत, म्हणजे सुमारे २.४ किलोमीटर जाऊ शकते. काडतुसांच्या डब्यांवर तसा इशाराच छापलेला असतो. आणि खार झाडावर असते, म्हणजे नळी वरच असणार.

२.४ किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ १८ चौरस किलोमीटर भरते. भिवंडी-निजामपूर महापालिकेचे क्षेत्र आहे सुमारे २६ चौरस किलोमीटर. शहराच्या मधोमध उभे राहून कुणी झाडावर गोळी चालवली, तर चुकलेली गोळी दोन तृतीयांश शहरात कुठेही पडू शकते. २०११ च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. गच्चीवर वाळत घातलेली चादर, रस्त्यावरचा हातगाडीवाला, शाळेचे पटांगण, गोळी निवड करत नाही.

बारीक छर्रा याच कोनात सोडला तर सव्वादोनशे मीटरच्या आसपास खाली येतो. म्हणजे धोक्याचे क्षेत्र शंभरपटीहून कमी. जवळून मात्र शॉटगन रायफलपेक्षा कमी घातक अजिबात नाही. काही मीटरवर ते सगळे छर्रे एकत्रच जाऊन आदळतात.

कायदा या दोन बंदुकांत फरक करतो का?

करतो, आणि हे फारसे कुणाला माहीत नसते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. नळी किमान २० इंच लांब असेल आणि ती संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, तर परवाना द्यावा असे कलम सांगते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचेही तसेच. ठासणीची बंदूक अपुरी पडते असे परवाना अधिकाऱ्याला वाटले, तर तो दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. या यादीत रायफल येते ती फक्त मान्यताप्राप्त रायफल क्लब किंवा संघटनेच्या सदस्याला नेमबाजीच्या सरावासाठी लागणारी पॉइंट टू-टू. त्याखेरीज रायफल हवी असेल तर ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका दिसतात त्या याच तरतुदीतून आलेल्या. (निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा करण्याची धावपळ होते, तेव्हा त्यांची बातमीही होते.)

भिवंडी शहरातल्या माणसाला परवान्याचा अर्ज ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे करावा लागतो. तालुक्यातला ग्रामीण भाग ठाणे ग्रामीण पोलिसांकडे असल्याने तिथे जिल्हादंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बंदूक सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवाना नसताना बंदूक सापडली तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद.

मग एअरगनला परवाना का नाही?

सगळ्याच एअरगन परवानामुक्त नाहीत. २०१६ च्या नियमांनी दोन सीमा आखल्या : छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) जास्त नको आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नको. यातली एकही सीमा ओलांडली की परवाना लागतो. ऑनलाइन खरेदी करणारे नेमके इथे फसतात. साडेपाच मिलिमीटर छर्ऱ्याची एअरगन कितीही ‘हलकी’ म्हणून विकली जात असली तरी ती परवान्याच्या कक्षेत येते.

२० ज्यूल म्हणजे किती? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे २८० मीटर वेगाने सुटला तर तेवढी ऊर्जा होते. पॉइंट टू-टूची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने सुटते, तिची ऊर्जा १४० ज्यूल. म्हणजे एअरगन सातपट दुबळी. पण डोळा फोडायला २० ज्यूल खूप झाले. एअरगनची नळी बहुधा रायफलसारखी खाचांचीच असते, त्यामुळे तिला खेळणे म्हणणे मुळातच चूक.

पक्षितज्ज्ञ सालिम अली यांची सुरुवात एअरगननेच झाली होती. १९०८ च्या सुमारास मुंबईत लहानग्या सालिमने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला, आणि तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला कपाटांतले पक्ष्यांचे नमुने दाखवले. पुढचा इतिहास ठाऊक आहे. मात्र तो काळ वेगळा होता. आज वन्यजीव कायदा आहे.

बंदूक कायदेशीर, मग खार मारणे गुन्हा कसा?

कारण हे दोन वेगळे कायदे आहेत. बंदूक बाळगण्याचा प्रश्न शस्त्र अधिनियमाचा. शिकारीचा प्रश्न वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे, आणि परवान्याची गरज नसणे म्हणजे शिकारीची मोकळीक तर मुळीच नव्हे.

या कायद्याच्या जुन्या रचनेत उपद्रवी प्राण्यांची वेगळी अनुसूची होती. तीत कावळा, उंदीर, घुशी, फळे खाणारी वटवाघळे होती. खार नव्हती. उंदराच्याच गणातली, तशीच कुरतडणारी असली तरी पाच पट्ट्यांची खार संरक्षित प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहाऐवजी चार अनुसूची राहिल्या. त्यात संरक्षित प्राण्यांसाठी दोन. खारीसारख्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणखी एक मुद्दा, जो ‘मी मारली कुठे, नेम चुकला’ म्हणणाऱ्याने लक्षात ठेवावा. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, जखमी करणे, फासे लावणे, आमिष दाखवणे हे सगळे आहेच, पण तसा प्रयत्न करणेही आहे. नेम चुकला तरी गुन्हा घडतो. वर जप्त झालेले हत्यार आणि त्यासाठी वापरलेली दुचाकी सरकारजमा होऊ शकते. रील टाकणाऱ्याने तर पुरावाही स्वतःच अपलोड केलेला असतो.

शेकरूची गोष्ट याहून कडक आहे. ही मोठी, लांब झुपकेदार शेपटीची खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. तिच्यासाठी ओळखले जाणारे भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, आणि ते पुणे जिल्ह्यापुरते नाही, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतही उतरते. अभयारण्यात केलेल्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आहे, दंड २५ हजारांपासून पुढे. भिवंडीला लागून असलेल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्यातही हाच नियम.

रानडुकरासाठी परवानगी मिळते, मग खारीसाठी का नाही?

पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर मारायला वनविभागाची परवानगी घेता येते. ती लेखी असते, विशिष्ट प्राण्यापुरती असते आणि कारणासह असते. पेरू खाल्ले म्हणून खारीसाठी ती मिळेल, अशी आशा न ठेवलेली बरी. कोकणातल्या नारळ बागायतदारांची शेकरूबद्दलची तक्रार खरी आहे, एका शहाळ्याला भोक पडले की ते वाया जाते. पण त्यावरचा मार्ग बंदुकीचा नाही.

परवानगीशिवायच्या शिकारीत काय होते, हे शेजारच्या पालघर जिल्ह्याने २०२५ च्या सुरुवातीला पाहिले. मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने झुडपातल्या हालचालीवर गोळी झाडली. ते डुक्कर नव्हते, त्यांचाच सोबती होता. घाबरलेल्या बाकीच्यांनी मृतदेह लपवला, असे पोलिसांच्या तपासात समोर आले. झाडीत काय हलते आहे हे ओळखण्याआधी चाप ओढला, की हातात कोणती बंदूक आहे याला अर्थ राहत नाही.

खारीचा त्रास असेल तर करायचे काय?

शेडच्या पत्र्याखालची फट बारीक जाळीने बंद करा, पण आधी आत पिल्ले नाहीत याची खात्री करून. उघड्या वायरी पाइपमध्ये घ्या. पेरू-चिकूच्या घोसांना जाळीच्या पिशव्या बांधा. झाड एकटे असेल तर खोडाला दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळल्यास खार वर चढू शकत नाही. फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकत असतील तर मात्र हा उपाय फुकट, ती उडी मारून येते.

जखमी खार किंवा शेकरू सापडले, किंवा कुणी बंदूक घेऊन झाडाखाली उभा दिसला, तर वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६ आहे.