बल्लारपूरचं काळं पाणी

नागपूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीने ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना त्या वासाची ओळख करून द्यायला नको. बल्लारशा जवळ आलं की डब्यात कोणीतरी नाकाला रुमाल लावतं आणि दुसरं कोणीतरी सांगतं, "पेपर मिल आली." सडक्या कोबीसारखा हा वास गंधकाच्या संयुगांचा. माझे एक काका बल्लारपूरचे. ते म्हणायचे, "वास येतोय ना, म्हणजे मिल चालू आहे." यातली काळजी बाहेरच्याला कळत नाही. त्याच लाईनीवर पुढे सिरपूर कागजनगरची मिल २०१४ साली बंद पडली, ती २०१८ साली नव्या मालकाच्या हाती पुन्हा सुरू झाली. मधली चार वर्षं तिथल्या घरांनी कशी काढली असतील, हे पगारावर चालणाऱ्या आपल्यासारख्या आखाती लोकांना वेगळं सांगायला नको.

पण मला लिहायचंय ते वासाबद्दल नाही. वास न येणाऱ्या आम्लांबद्दल. ती मिलच्या काळ्या पाण्यात असतात, आणि मी दुबईत बसून रोज त्यांच्याच भावंडांना शोधत असतो.

बल्लारपूरची कंपनी १९४५ सालची, लाला करमचंद थापर यांनी काढलेली. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू हा तिचा जुना कच्चा माल. (तो बांबू कोणाचा, हा प्रश्न २०११ साली मेंढा-लेखा गावाने स्वतःचे वाहतूक परवाने मिळवून सोडवला. तो मोठा विषय आहे, पुन्हा कधीतरी.) बांबूचे वा लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, दाबाखाली, १६०-१७० अंशांवर शिजवायचे. आपला प्रेशर कुकरच, फक्त इमारतीएवढा. या क्राफ्ट पद्धतीचं पेटंट कार्ल डाल यांनी १८८४ साली घेतलं, आणि जगातला बहुतेक लगदा आजही असाच होतो. शिजल्यावर निम्म्याच्या आसपास लाकूड लगदा म्हणून हाती येतं. उरलेलं त्या पाण्यात विरघळतं. त्या काळ्याकुट्ट, चिकट पाण्याला मिलमध्ये ब्लॅक लिकर म्हणतात. लिकर म्हटलं तरी परवाना काढायची गरज नाही!

एक टन लगद्यामागे या पाण्यात साधारण दीड टन कोरडा ऐवज असतो. काळा रंग लिग्निनचा, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणाऱ्या डिंकाचा. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच जातं. पण या ऐवजाचा सुमारे तिसरा हिस्सा सेंद्रिय आम्लांचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. दह्यातलं लॅक्टिक, व्हिनेगरमधलं ॲसेटिक, मुंगीच्या डंखातलं फॉर्मिक, ही ओळखीची मंडळी त्यात आहेत. शिवाय एक भारदस्त नावाचं: ग्लुकोआयसोसॅकॅरिनिक आम्ल.

ही येतात कुठून? सेल्युलोज म्हणजे साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. कडक अल्कलीत तिच्या एका टोकाचा मणी सुटतो आणि सुटता सुटता त्याचं आम्ल होतं. मग पुढचा मणी, मग त्याच्या पुढचा. ही उसवण थांबायच्या आधी पन्नासेक मणी तरी गेलेले असतात. म्हणजे आम्ल जितकं जास्त, तितका कागद कमी. वर प्रत्येक आम्ल आपल्या वाट्याचा सोडा खातं. घातलेल्या सोड्यापैकी जो खर्ची पडतो, त्यातला निम्म्याहून अधिक या आम्लांनाच शमवण्यात जातो. सोड्यात अशी बांधली गेल्यामुळेच त्यांना वास येत नाही.

आणि नदी? चांगल्या मिलमध्ये काळं पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात, वीज करतात आणि राखेतून सोडा परत मिळवतात. बांबूत सिलिका भरपूर असल्याने हे काम आपल्याकडे जास्त किचकट. आटवण्याच्या नळ्यांत तिची पुटं चढतात. पण गवत आणि पेंढ्यावर चालणाऱ्या लहान मिलना हा बॉयलर परवडत नसे, आणि त्यांचं पाणी ओढ्या-नद्यांत जाई. २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सनदेने त्यांना सांगितलं, सोडा परत मिळवा नाहीतर रद्दीवर कागद करा. गंमत अशी की लोक तक्रार करतात ती रंगाची, पण पाण्यातला प्राणवायू आधी संपतो तो आम्लांमुळे. जिवाणू ती आवडीने खातात आणि श्वास घेत सुटतात, मासे तडफडतात. लिग्निन बिचारं रंग घेऊन मैलोन्‌मैल वाहत राहतं. म्हणून नुसता रंग पाहून चालत नाही, आतलं एकेक आम्ल मोजावं लागतं.

मोजणं मात्र सोपं नाही. नमुना डांबरासारखा, हाताला लागला तर कातडी सोलणारा. आधी आम्ल घालून लिग्निन खाली बसवायचं. त्या वेळी विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणून हे काम हवा ओढणाऱ्या कपाटातच. गाळलेलं पाणी आटवावं, तर फॉर्मिक आणि ॲसेटिक वाफेबरोबर पसार होतात. त्यांचा हिशेब वेगळा. मागे राहिलेली जड आम्लं मुळात उडतच नाहीत. त्यांना सिलिकॉनची टोपी चढवून उडती करायची आणि मग गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडायची. हे तंत्र १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी जगापुढे ठेवलं, आणि त्यांनी पहिल्यांदा वेगळी केली तीसुद्धा सेंद्रिय आम्लंच. ज्वालेवर चालणारा त्याचा नेहमीचा शोधक फॉर्मिकला जवळजवळ ओळखतच नाही, ही त्यातली मेख.

१९७५ साली हॅमिश स्मॉल आणि सहकाऱ्यांनी आयन क्रोमॅटोग्राफी आणली आणि काम हलकं झालं. नमुना हजारपट पातळ करा, गाळा, सोडा. तरी लॅक्टेट, ॲसेटेट आणि ग्लायकोलेट एकमेकांना खेटूनच बाहेर पडतात. घाई केली की एकाचं माप दुसऱ्याच्या पदरात.

माझी गाठ पडते ती याच यंत्राशी. इथे अमिरातीत जंगल नाही, लगदा नाही. कागद होतो तो रद्दीपासून. पण समुद्राचं पाणी गोडं करणारे आणि वीज देणारे प्रचंड प्रकल्प आहेत. त्यांच्या बॉयलरमध्ये टाकलेली औषधं आणि पाण्यातला सेंद्रिय अंश तापून फुटतो, आणि वाफेत येतात फॉर्मेट आणि ॲसेटेट. जास्त झाली तर टर्बाइनच्या पात्यांना गंज. काळ्या पाण्यात ती लिटरमागे काही ग्रॅम असतात; आम्ही लिटरमागे काही मायक्रोग्रॅमवरून भुवया उंचावतो. म्हणजे दहा लाख पटींचा फरक, पण आलेखावरचं शिखर दिसतं तसंच. नमुन्याच्या बाटलीला बोट लागलं तरी आकडा बिघडतो, म्हणून नवीन मुलांना मी पहिले काही दिवस बाटल्या धुवायलाच शिकवतो. त्यांना ते आवडत नाही.

मिलवाल्यांना आता या आम्लांतून पैसा दिसू लागलाय. जाळली तर ती लिग्निनच्या निम्मीच उष्णता देतात. मग वेगळी काढून विकावीत असं वाटणं साहजिक आहे. लॅक्टिकपासून कुजणारं प्लास्टिक होतं. ग्लुकोआयसोसॅकॅरिनिकला मात्र मोठं गिऱ्हाईक अजून मिळालेलं नाही. सध्या तरी ते लिग्निनबरोबर बॉयलरमध्ये जातं आणि मिलसाठी थोडी वाफ करतं.