परदेशातला मामा, गावातली भाची आणि दत्तकाचा कागद

संध्याकाळची कामं आटपत रेडिओ ऐकताय ना? आजचा विषय जरा वेगळा आहे. कागदपत्रांचा आहे, पण त्यात एका लेकराचं अख्खं आयुष्य आहे, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

गेल्या महिन्यात एका गटाची बैठक संपली. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, बाया उठल्या. एक ताई मात्र मागे रेंगाळली. पिशवीतून तिने घडी घातलेला स्टॅम्पपेपर काढला आणि म्हणाली, "ताई, एवढा कागद वाचून सांगा. पोरीला न्यायला हा चालतो ना?"

ही गोष्ट मी तिला विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असं काही सांगत नाही. तिची धाकटी बहीण आजारपणात गेली, बहिणीचा नवरा त्याच्या आधीच गेलेला. मागे नऊ वर्षांची मुलगी राहिली. ती आजीजवळ असते आणि आजी आता सत्तरीला टेकली. मुलीचा सख्खा मामा अमेरिकेत आहे, तिथला नागरिक झालाय. मामा-मामी म्हणाले, "आम्ही सांभाळतो, आमचीच लेक म्हणून वाढवतो." चांगलं मन आहे, कुणाचा विरोध नाही. मग तालुक्याच्या एका एजंटाने बारा हजार घेतले आणि स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की आजी नात मुलाला दत्तक देत आहे. खाली नोटरीचा शिक्का. म्हणाला, महिन्यात व्हिसा येईल.

आठ महिने झाले, व्हिसा आला नाही. आता एजंट म्हणतो, फिरायच्या व्हिसावर घेऊन जा, तिथं गेल्यावर बघू.

मी तिला तिथंच सांगितलं, आणि आज तुम्हालाही सांगते. हे करू नका. फिरायच्या व्हिसावर गेलेलं मूल त्या देशात पाहुणं असतं. मुदत संपली की तिथं राहणं बेकायदा होतं. मग पुढे बरंच काही अडतं. आपल्याकडचा कायदाही सांगतो की दत्तकाच्या आदेशाशिवाय मूल परदेशात सांभाळायला पाठवणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. एजंट बाजूला राहतो आणि अंगठा मात्र आजीचा असतो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे पूर्वीपासून दत्तक होतंच की. चार माणसं बोलवायची, मूल मांडीवर द्यायचं, दत्तकपत्र करायचं. बरोबर आहे. हिंदू दत्तक कायदा १९५६ चा आहे आणि नोंदणी केलेल्या दत्तकपत्राला त्यात मान आहे. पण नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते. आणि नोंदणी केलेलं दत्तकपत्र असलं तरी मूल देशाबाहेर न्यायचं तर दिल्लीच्या कारा या सरकारी संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतंच. कारा म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण. महिला व बालविकास मंत्रालयाच्या अखत्यारीत ते येतं.

एवढी कडक व्यवस्था का केली? एकेकाळी आपल्या देशातली मुलं परदेशी पाठवताना फार गैरप्रकार होत होते. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८४ साली न्यायालयाने त्यावर निकाल देऊन नियम घालून दिले. पुढे २००३ मध्ये भारताने हेग इथला आंतरराष्ट्रीय दत्तक करार स्वीकारला. आता २०१५ चा बाल न्याय कायदा आणि २०२२ ची दत्तक नियमावली यांच्या आधारे काम चालतं. हे नियम लेकराच्या रक्षणासाठीच केलेले आहेत.

आता नातेवाईक म्हणजे कोण, ते आधी नीट ऐका. बाल न्याय कायद्यात काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच नातेवाईक धरले आहेत. मानलेला भाऊ, वडिलांचा चुलत भाऊ, नवऱ्याचा मित्र यात बसत नाहीत. त्यांना तुम्ही परस्पर मूल देऊ शकत नाही. नात्याबाहेरचं मूल दत्तक जायचं तर ते बाल कल्याण समितीमार्फतच जातं, आणि तिथेही आधी भारतातल्या आणि अनिवासी भारतीय आईबापांना ६० दिवस संधी मिळते.

आपल्या गोष्टीतला मामा सख्खा आहे, म्हणजे वाट मोकळी आहे. फक्त पावलं क्रमाने टाकायची. आमच्या ताईचं चुकलं ते इथंच. शेवटचं पाऊल आधी टाकलं.

पहिलं पाऊल परदेशात पडतं, गावात नाही. मामाने तिथल्या अधिकृत दत्तक संस्थेकडे जायचं. काराने मान्यता दिलेल्या अशा संस्था अमेरिकेत आहेत. ती संस्था मामाच्या घरी येऊन चौकशी करते. कमाई किती, तब्येत कशी, घरात कोण कोण, पोलिसात काही नोंद आहे का, हे सगळं पाहते. अमेरिकेच्या सरकारचीही आधी परवानगी लागते. तिथला नियम असा की आधी त्यांची परवानगी आणि मग दत्तक. हा क्रम उलटला तर व्हिसा अडकतो. मूल १६ वर्षांचं होण्याआधी तिथला अर्ज व्हायला हवा. आखाती देशांपैकी सौदी, कुवेत, दुबई ही ठिकाणं हेग करारात नाहीत. जिथे अशी संस्था किंवा सरकारी यंत्रणा नसते, तिथे भारतीय वकिलातीकडे जावं लागतं.

दुसरं पाऊल म्हणजे काराच्या संकेतस्थळावर नोंदणी. चौकशीचा अहवाल आणि बाकीचे कागद तिथं चढवले जातात.

तिसरं पाऊल आपल्या जिल्ह्यात. जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसं मुलीच्या घरी येतात आणि कुटुंबाचा अहवाल तयार करतात. आईबाप जिवंत असतील तर दोघांची लेखी संमती लागते. इथं आईबाप नाहीत, आजी सांभाळते आहे, म्हणून बाल कल्याण समितीची परवानगी लागते. ही समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. आईबापांच्या मृत्यूचे दाखले, मुलीचा जन्मदाखला, मामाशी नातं दाखवणारे कागद आधीच जमवून ठेवा. जन्माची नोंद राहिली असेल किंवा नावात एका अक्षराचा फरक असेल तर तो आत्ताच दुरुस्त करा. पुढे तोच सगळ्यात जास्त वेळ खातो.

चौथं पाऊल, कारा सगळे कागद तपासून पूर्वसंमतीचं पत्र देतं. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे. कायद्यातल्या बदलानुसार १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. सुनावणी बंद खोलीत होते, गर्दीसमोर नाही. दोन महिन्यांत निकाल द्यायचा असं कायदा म्हणतो. यात पैशाची देवाणघेवाण झालेली नाही ना, हेही ते पाहतात.

पाचवं पाऊल, आदेश हातात आला की कारा ना-हरकत प्रमाणपत्र देतं. नव्या आईबापांच्या नावाचा जन्मदाखला निघतो, मग पासपोर्ट, मग व्हिसा. मूल तिकडे गेल्यावरही दोन वर्षं त्याच्या खुशालीचा अहवाल येत राहतो.

मैत्रिणींनो, या सगळ्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मूल पाच वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर त्याची स्वतःची संमती लागते. मी त्या ताईला विचारलं, "पोरीला विचारलंत का?" ती गप्प झाली. म्हणाली, "तिला काय कळतंय? अमेरिका म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. पोर आजीच्या शेजारी बसून लसूण सोलत होती. मी सहज विषय काढला. तिने मान वर न करता विचारलं, "मी गेल्यावर आजीच्या गोळ्या कोण देणार?" आठ महिने घरात कागद फिरत होते आणि हा प्रश्न कुणालाच माहीत नव्हता.

तिला मी कायद्यातली एक गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगते. परदेशातल्या नातेवाइकाने असं मूल दत्तक घेतलं की त्या मुलाचा आपल्या जन्मदात्यांशी आणि भावंडांशी वेळोवेळी संपर्क राहील हे त्याने पाहायचं, असं कायद्यातच लिहिलंय. कायद्यात आजीचं नाव नाही. पण मामाची आई म्हणजेच तिची आजी. फोनवर मामाने सगळ्यांसमोर कबूल केलं की रोज बोलणं होईल, आणि आजीच्या गोळ्यांची जबाबदारी मावशीने घेतली.

आणखी एक शंका बायकांच्या मनात असते. दत्तक गेल्यावर पोरीचा बापाच्या जमिनीतला हिस्सा बुडतो का? नाही. आदेशाच्या आधी जी मालमत्ता मुलाच्या नावे आलेली असते ती त्याचीच राहते. म्हणून बापाच्या मागे सातबाऱ्यावर पोरीची वारस नोंद झाली आहे का ते आधी बघा. नसेल तर तलाठ्याकडे अर्ज करा.

आणि केवळ हातात पैसा नाही म्हणून मूल दूर पाठवायचा विचार करत असाल तर थोडं थांबा. आईबाप नसलेल्या किंवा एकच पालक असलेल्या मुलांसाठी आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात होतो. गरिबीपायी लेकरू द्यावं लागू नये, हेच आधी बघायचं. अमेरिकेचा नियमही असा आहे की आईबाप दोघंही हयात असतील तर ते सांभाळायला खरोखर असमर्थ आहेत का, हे पाहिलं जातं. चांगल्या शाळेसाठी म्हणून दत्तक, हे तिथं चालत नाही.

त्या ताईचं काय झालं? स्टॅम्पपेपर तिने घरी ठेवून दिला. मामाने तिकडच्या संस्थेकडे अर्ज केलाय, घरचौकशी सुरू आहे. आम्ही दोघी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन आलो. तिथल्या मॅडमनी बसवून सगळं समजावून सांगितलं, एक रुपया लागला नाही. वेळ लागेल, कदाचित वर्ष जाईल. पोर तोवर चौथीत शिकते आहे आणि आजीच्या हातचं जेवते आहे. घाई कुणालाच नाही.

तुमच्या गटात असं कुणी असेल तर स्टॅम्पपेपर करायच्या आधी मला किंवा तुमच्या अंगणवाडीताईला गाठा. मूल संकटात दिसलं, कुणी परस्पर नेतंय असं वाटलं, तर १०९८ हा नंबर फिरवा. तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो. पुढच्या बैठकीत हा विषय काढा, आणि ज्या घरात असं लेकरू आहे तिथं आधी त्या लेकराशी बोला.