स्टेंटवरचं औषध नेमकं काय करतं?

आजचा भाग छोटा आहे. पण घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल, तर शेवटपर्यंत ऐका.

हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झाली की डॉक्टर आत फुगा फुगवून ती मोकळी करतात आणि तिथे धातूची बारीक जाळी बसवतात. हाच स्टेंट. आता, रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नाही. तिच्या भिंतीत स्नायूपेशी असतात. एरवी त्या शांत असतात. पण फुग्याने भिंतीला इजा झाली की जखम भरायला त्या भराभर वाढतात, आतल्या बाजूला सरकतात आणि जाळीवर थर चढतो. साध्या स्टेंटमध्ये १०० पैकी साधारण २० ते ३० जणांची वाहिनी काही महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची.

मग जाळीवरच औषधाचा लेप द्यायची कल्पना आली. त्यातलं गाजलेलं औषध म्हणजे सिरोलिमस, उर्फ रॅपामायसिन. १९६४ साली कॅनडाच्या एका पथकाने ईस्टर बेटावरून माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून हे मिळालं. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई, म्हणून रॅपामायसिन!

हे काम कसं करतं? पेशीत एमटॉर नावाचं प्रथिन असतं. 'वाढा, दोनाच्या चार व्हा' हा हुकूम त्याच्यामार्फत जातो. सिरोलिमस तो हुकूमच अडवतं. पेशी मरत नाही, पण डीएनएची नक्कल करण्याआधीच थबकते. लेपातून औषध हळूहळू झिरपतं आणि जखम भरण्याचे महत्त्वाचे आठवडे निभावून नेतं.

पण खरी गोम पुढेच आहे. वाहिनीच्या आत एक नाजूक अस्तर असतं. जाळीवर ते पुन्हा चढायला हवं, आणि हे औषध त्या पेशींनाही मंदावतं. तोवर उघड्या धातूवर रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणजे थेट हार्ट अटॅक. म्हणून अ‍ॅस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी देतात, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर.

तेव्हा बाबा म्हणाले, "आता बरं वाटतंय, गोळ्या बंद करतो," किंवा दात काढायचाय म्हणून कुणी थांबवायला सांगितलं, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. बरं वाटणं आणि अस्तर तयार होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!