विद्यार्थ्यांचे डोळे

बेथसैदा गांवाबाहेर प्रभु येशूनें एका आंधळ्यास बरें केलें, ती कथा उपासनेच्या तासास आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं ऐकिली आहे. त्या कथेंतील एक बारीकशी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. प्रभूनें त्याच्या डोळ्यांवर हात ठेविल्यावर आतां काय दिसतें अशी त्याच्याजवळ चौकशी केली. त्यास माणसें दिसत होतीं, पण तीं माणसें कीं झाडें, याचा निवाडा होत नव्हता. आणि तसें त्यानें सांगितलें. ही विचारपूस झाली, म्हणून त्याची अर्धवट दृष्टि पुढें पूर्ण झाली. आमच्या शाळांतून आज कितीतरी मुलें अशाच अर्धवट दृष्टीनें बाकांवर बसलेलीं असतात. परंतु त्यांस हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, आणि तीं आपण होऊन सांगत नाहींत.

तीं सांगत नाहींत यांत त्यांचा अपराध नाहीं. दांत दुखला तर मूल रडतें, कानांत ठणका लागला तर सगळें घर डोक्यावर घेतें. पण दृष्टि अधू होते तेव्हां दुखत कांहींच नाहीं. शिवाय दुसऱ्यास किती स्पष्ट दिसतें, हें मुलास कळण्याचा मार्गच नसतो. फळ्यावरचीं अक्षरें धुक्यांत बुडालेलीं असावयाचींच, अशी त्याची समजूत होऊन बसते. मग तें शेजाऱ्याच्या वहींत डोकावूं लागतें, आणि नक्कल करणारा म्हणून त्याची अपकीर्ति होते. ष चा प, घ चा ध आणि भ चा म वाचतें, आणि वर्ग हंसतो. तोंडी हिशेबांत जो मुलगा सर्वांच्या पुढें, तोच फळ्यावरून उतरून घेतलेल्या उदाहरणांत १ च्या जागीं ९ मांडतो. ‘लक्ष नाहीं’ असा शेरा घेऊन प्रगतिपुस्तक घरीं जातें. तेथें बोलणीं बसतात, शिकवणी लावण्यांत येते, आणि इतक्या उपायांनीं कांहीं होत नाहीं असें पाहून कित्येकांची शाळाहि सुटते. जें काम दोन भिंगांनीं झालें असतें, त्याच्या अभावीं एक आयुष्य वायां जातें.

ही अतिशयोक्ति नव्हे. वायव्य चीनमधील खेड्यांच्या २५२ प्राथमिक शाळांत ज्या मुलांस चष्म्याची गरज होती अशीं सुमारें ३००० मुलें निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें शाळांचे गट पाडण्यांत आले. एका गटांतील मुलांस चष्मे फुकट दिले. दुसऱ्या गटास केवळ नंबर लिहून दिला. वर्षअखेर पाहतां, चष्मे मिळालेल्या गटाची गणितांतील प्रगति अधिक भरली. हा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. दिलेले चष्मे सर्वच मुलांनीं लावले असें नाहीं; तरीहि हा फरक दिसून आला, हें विशेष. त्या मुलांस नवा शिक्षक दिला नव्हता कीं नवें पुस्तक दिलें नव्हतें.

तेव्हां पालकांनीं प्रथम घरींच एक सोपी परीक्षा करावी. भिंतीवरचें दिनदर्शिकेचें पान चांगल्या उजेडांत टांगावें. ज्याची दृष्टि निर्दोष आहे अशा वडील भावंडास त्यावरील अक्षरें जेथून जेमतेम वाचतां येतात, तेथें मुलास उभें करावें. मग एक डोळा तळव्याच्या खोलगट भागानें झांकून दुसऱ्यानें वाचावयास सांगावें, नंतर उलट. बोटांनीं डोळा झांकूं देऊं नये, कारण मुलें फटींतून पाहतात. आणि डोळा दाबूं देऊं नये, कारण दाबलेल्या डोळ्यास क्षणभर धूसर दिसतें. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. एक डोळा चांगला असला म्हणजे तो दुसऱ्याचें उणें झांकून टाकतो, आणि वर्षानुवर्षें कोणास पत्ता लागत नाहीं. डोळे बारीक करून पाहणें, मान वांकडी करणें, पुस्तक नाकाशीं नेणें, वरचेवर डोळे चोळणें किंवा डोकें दुखणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास घरच्या परीक्षेवर न थांबतां नेत्रवैद्याकडे जावें.

नेत्रवैद्याच्या खोलींत अक्षरांचा जो तक्ता असतो, तो उट्रेख्ट येथील डच वैद्य हर्मान स्नेलन यांनीं १८६२ सालीं तयार केला. रोग्यास ६ मीटर, म्हणजे सुमारें २० फूट, अंतरावर बसवितात. सर्वांत वरचें मोठें अक्षर निरोगी डोळ्यास ६० मीटरांवरून ओळखतां येतें. तेवढेंच ज्याला ६ मीटरांवरून ओळखतां येतें, खालचीं येत नाहींत, त्याची दृष्टि ६/६० अशी लिहितात. ६/६ म्हणजे निर्दोष. पुष्कळ पालक हे आंकडे म्हणजेच चष्म्याचा नंबर असें समजतात, तसें नाहीं. नंबर ही भिंगाची शक्ति होय, आणि ती वेगळी मोजावी लागते. लहान मुलांच्या बाबतींत डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून ही मोजणी करितात. त्या थेंबांनीं कांहीं तास वा एखाददोन दिवस जवळचें अंधुक दिसतें, त्यानें भिऊन जाण्याचें कारण नाहीं.

पहिली तपासणी केव्हां करावी? मूल शाळेंत येण्यापूर्वींच, तीनचार वर्षांच्या सुमारास. आणि पुढें दर वर्षीं एकदां. या घाईचें कारण असें कीं, पाहण्यास डोळा शिकत नाहीं, मेंदू शिकतो. आणि त्याचें हें शिक्षण मुख्यतः पहिल्या सातआठ वर्षांत होतें. या काळांत एका डोळ्यांतून सतत अस्पष्ट चित्र येत राहिलें, किंवा डोळा तिरळा असला, तर मेंदू त्या डोळ्याकडे पाठ फिरवितो. यास ‘आळशी डोळा’ असें म्हणतात. वेळेवर चष्मा दिला, आणि चांगला डोळा रोज कांहीं तास पट्टीनें झांकून दुबळ्यास काम करावयास लाविलें, तर तो सुधारतो. वय वाढेल तशी ही आशा कमी होत जाते. मग कितीहि चांगलें भिंग आणलें तरी त्या डोळ्यास स्पष्ट दिसत नाहीं. तिरळेपणा मोठेपणीं आपोआप जाईल, असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्या आजीबाईंस हें कोणीतरी नम्रपणें समजावून सांगितलें पाहिजे. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाड्या व सरकारी शाळांतून मुलांची तपासणी करितें, तींत डोळेहि पाहिले जातात. ज्या मुलांस ही सोय नाहीं, त्यांची व्यवस्था आईबापांनीं करावी.

शाळकरी वयांत सर्वांत अधिक आढळणारा दोष म्हणजे लघुदृष्टि. जवळचें दिसतें, दूरचें दिसत नाहीं. यांत डोळ्याचा गोल पुढूनमागें प्रमाणाबाहेर लांबतो, आणि चित्र पडद्यावर पडण्याऐवजीं त्याच्या अलीकडेच तयार होतें. मोठ्या माणसाचा डोळा सुमारें २४ मिलीमीटर लांब असतो. त्यांत एका मिलीमीटरची वाढ झाली तरी अडीचतीन नंबर पडतो. डोळा इतका कां लांबतो? आईबापांचा वारसा हें एक कारण आहे. परंतु वारसा एकच असतांहि मुलांच्या डोळ्यांत केवढें अंतर पडतें, हें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेनें दाखविलें. सिंगापूर व सिडनी येथील सहासात वर्षांचीं चिनी वंशाचीं मुलें तपासलीं, तेव्हां सिंगापुरांत शेंकडा २९ मुलें लघुदृष्टि निघालीं आणि सिडनींत शेंकडा ३ च. सिडनीचीं मुलें पुस्तकें कमी वाचीत असतील म्हणावें, तर तीं उलट अधिक वाचीत होतीं! फरक होता तो मोकळ्या हवेंत घालविलेल्या वेळाचा. सिडनीचीं मुलें आठवड्यांत सुमारें १४ तास घराबाहेर असत. सिंगापूरचीं जेमतेम ३ तास.

यापुढें चीनमधील ग्वांगझौ शहरीं पहिल्या इयत्तेच्या मुलांस शाळेच्या वेळांत रोज ४० मिनिटें अधिक बाहेर नेण्यांत आलें. तीन वर्षांनीं पाहतां, बाहेर न नेलेल्या शाळांत शेंकडा ३९ मुलांस नवी लघुदृष्टि जडली होती, तर बाहेर नेलेल्या शाळांत शेंकडा ३० मुलांस. हें २०१५ सालचें वर्तमान. तैवानांत तर २०१० पासून मुलांनीं रोज दोन तास उघड्यावर असावें असा सरकारी उपक्रमच चालू झाला. दिवसाच्या प्रखर उजेडानें डोळ्याच्या पडद्यांत कांहीं द्रव्य स्रवतें आणि तें गोलाच्या लांबण्यास आवर घालतें, असें शास्त्रज्ञ मानतात. कारण कांहींहि असो, आमच्या पालकांस यांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. संध्याकाळचें खेळणें बंद करून मुलास शिकवणीच्या कोंदट खोलींत बसविणें, ही त्याच्या डोळ्यांच्या हिताची गोष्ट नव्हे. झाडाची सावलीहि चालेल. सूर्याकडे पाहावयाचें नाहीं, हें सांगणें नकोच.

वाचनाविषयीं थोडेंसें. पुस्तक कोपरापासून मुठीपर्यंतच्या अंतरावर धरावें. दर वीस मिनिटांनीं मान वर करून खिडकीबाहेर दूर पाहावें. मंद दिव्यापाशीं वाचल्यानें डोळा तेथल्या तेथें नासतो असें नाहीं, पण मूल पुस्तक अधिकाधिक जवळ ओढतें, आणि अपाय त्या जवळिकीचा आहे. मोबाईलचेंहि तेंच. तो पुस्तकापेक्षां लहान, म्हणून अधिक जवळ धरला जातो. त्यांत गुंतलेलें मूल पापण्या लववावयास विसरतें, त्यामुळें डोळे कोरडे पडून चुरचुरतात. अंथरुणांत निजून मोबाईल पाहण्याची मुभा कोणत्याहि घरांत असूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चष्मा ठरला म्हणजे मग खरी अडचण उभी राहते. ‘इतक्या लवकर चष्मा लावला तर नंबर वाढत जाईल,’ असें शेजारीपाजारी सांगतात. नंबर वाढतो तो मूल वाढत असतें म्हणून. पायांतील वहाण वर्षभरानें आखूड झाली, तर वहाणेनें पाय वाढविला असें आपण म्हणतों काय? चष्मा न लावल्यानें डोळा सुधारत नाहीं. मूल मात्र तेवढे महिने धुक्यांत राहतें. मुलींच्या बाबतींत तर याहून दुःखद प्रकार आमच्या पाहण्यांत येतो. मुलगी चष्म्यानें विद्रूप दिसेल, उद्यां तिचें लग्न कसें जमेल, या चिंतेनें चष्मा पेटींत पडून राहतो, आणि मुलगी पहिल्या बाकावर बसूनहि निम्मा फळा चुकते. ज्या आईबापांनीं तिला शाळेंत धाडण्याचें औदार्य दाखविलें, त्यांनीं तिला दिसेल एवढी व्यवस्था करूं नये, हें आम्हांस कोडेंच वाटतें. नंबर फार वेगानें वाढत असल्यास तो मंद करणारे थेंब व विशेष प्रकारचीं भिंगें हल्लीं निघालीं आहेत. त्यांचा विचार नेत्रवैद्याशींच करावा. डोळ्यांचे व्यायाम करून चष्मा उतरविण्याच्या जाहिरातींवर मात्र एक पैहि खर्चूं नये.

गाजर खाल्ल्यानें चष्मा जातो, हीहि अशीच एक भोळी समजूत. परंतु अन्नाचा व दृष्टीचा संबंध खोटा नाहीं. तो दुसऱ्या ठिकाणीं आहे. अन्नांत अ जीवनसत्त्व कमी पडलें कीं प्रथम रातांधळेपणा येतो. दिवेलागणीस मूल अडखळूं लागतें. पुढें डोळ्याचें पांढरें कोरडें पडतें, बुबुळ मऊ होऊन फुटतें, आणि कायमचें अंधत्व येतें. डेन्मार्क हा दुधालोण्याचा देश. पण विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत तेथील लोणी परदेशीं विकलें जाऊं लागलें, आणि गरिबांच्या मुलांच्या वाट्यास साय काढलेलें दूध व कृत्रिम लोणी आलें. त्या मुलांचे डोळे या रोगानें जाऊं लागल्याचें कोपनहेगनचे डॉ. ब्लॉक यांनीं दाखविलें. पहिल्या महायुद्धांत निर्यात अडली, लोणी शिधापत्रिकेवर घरोघर मिळूं लागलें, आणि १९१८ सालीं हा रोग तेथून जवळजवळ नाहींसा झाला. गोठ्यांत दूध होतें, पण मुलाच्या पेल्यांत नव्हतें, एवढाच तो प्रकार होता.

आपल्याकडे या जीवनसत्त्वासाठीं महाग फळें लागत नाहींत. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, माठ, लाल भोपळा, पपई, आंबा, अंडें, दूध, यांपैकीं कांहींना कांहीं गरिबाच्या दारींहि असतें. भाजीस थोडें तेल मात्र असावें, कारण स्निग्धांशावांचून हें सत्त्व अंगीं लागत नाहीं. भारत सरकारनें १९७० सालीं लहान मुलांस अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम सुरू केला. नऊ महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनीं तो दिला जातो. घरीं धाकटें भावंड असेल, तर विद्यार्थ्यांनीं आईस त्याची आठवण करून द्यावी.

पालकांनीं आपल्या स्वतःच्या डोळ्यांकडेहि पाहावें. मधुमेह असल्यास दर वर्षीं, आणि चाळिशीनंतर दर एकदोन वर्षांनीं तपासणी हवीच. मोतीबिंदू काढल्यावर दृष्टि परत येते, हें मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांच्या मिशन इस्पितळानें १८९४ नंतरच्या काळांत आपल्याकडील खेडुतांस दाखवून दिलें. कांचबिंदूनें गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं, आणि तो बहुधा न दुखतां येतो.

डोळा आला असतां त्यांत मध, दूध, एरंडेल किंवा पाल्याचा रस घालूं नये. औषधांच्या दुकानांतून मागच्या वेळचे थेंब पुन्हां आणून घालूं नयेत. त्यांतील कांहींत स्टिरॉईड असतें, आणि तें दीर्घकाळ घातल्यानें कांचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही होतात. विटीदांडू खेळतांना बघ्यांनीं विटीच्या समोर उभें राहूं नये. आणि पानतंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी मुलांच्या हातीं कदापि लागूं देऊं नये. ती दाबली कीं फुटते आणि चुना नेमका डोळ्यांत उडतो. तसें झाल्यास तूप, तेल कांहीं न लावतां, क्षणाचाहि विलंब न करितां, पापण्या बोटांनीं उघडून धरून स्वच्छ पाण्याची धार अर्धा तास सोडावी. पापणीखालीं चुन्याचे कण दिसल्यास ओल्या स्वच्छ फडक्यानें अलगद काढावे, आणि मग तडक नेत्रवैद्याकडे न्यावें. वाटेंतहि पाणी ओतीत राहावें.