दिसत नाही, म्हणजे लपला का? टेबलटॉप खेळांत ‘अदृश्य’ होण्याचे नियम नेमके कसे चालतात, समजून घ्या

डबा ऐसपैस खेळलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. भिंतीआडचा गडी दिसला नाही, तरी त्याचं खुदकन हसणं ऐकू आलं की त्याचा पत्ता लागतो. पण तेवढ्यानं भागत नाही. त्याचं नाव बरोबर घ्यावं लागतं. शर्टांची अदलाबदल करून कुणी फसवलं आणि नाव चुकलं, की राज्य पुन्हा त्याच गड्यावर. दिसणं, ठिकाण कळणं आणि ओळख पटणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गावातल्या पोरांना नियमांचं पुस्तक न वाचताही कळतं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे टेबलटॉप रोलप्लेइंग खेळ हीच गोष्ट कागदावर नियमांत बसवण्याचा प्रयत्न गेली ५० वर्षं करत आहेत. तरीही या खेळांच्या टेबलावर हमखास वाद होतो तो याच नियमांवरून. ‘मी लपलोय’ असं एक जण म्हणतो, ‘तू तर समोरच उभा आहेस’ असं दुसरा म्हणतो, आणि रंगात आलेला डाव थांबतो. हे नियम नेमके काय सांगतात? अदृश्य होणं आणि लपणं यात फरक काय? पाहूया.

हा खेळ असतो तरी काय?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही वेबसिरीज पाहिली असेल, तर त्यातली मुलं टेबलाभोवती बसून जो खेळ खेळतात तोच हा. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एक जण गोष्ट सांगतो आणि पंचाचंही काम करतो. त्याला डंजन मास्टर, थोडक्यात डीएम म्हणतात. पात्र काय करणार हे खेळाडू तोंडी सांगतो. ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आणला. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराचं पात्र आलं आणि त्याच्यासोबत सावलीत लपणं, आवाज न करता चालणं ही कौशल्यंही आली. तेव्हा हिशेब टक्क्यांत होता. १९७८ च्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला सावलीत लपण्याची संधी होती फक्त १० टक्के आणि गुपचूप चालण्याची १५ टक्के. थोडक्यात, नवखा चोर बहुतेक वेळा पकडलाच जायचा.

२००० च्या तिसऱ्या आवृत्तीतही लपणं आणि गुपचूप चालणं ही दोन वेगळी कौशल्यं होती. समोरच्याकडे पाहणं आणि ऐकणं अशी दोन. म्हणजे एका लपण्यासाठी दोनदा फासा. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत लपणाऱ्याचं ‘स्टेल्थ’ आणि शोधणाऱ्याचं ‘परसेप्शन’ अशी एकेकच कौशल्यं उरली. २०१४ ची पाचवी आवृत्ती याच वाटेनं गेली.

लपायचं कसं?

एक उदाहरण घेऊ. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात चार मित्र रविवारी दुपारी खेळायला बसले आहेत. गोष्टीची जागाही त्यांनी ओळखीचीच निवडली आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यातलं माहूर. तिथल्या किल्ल्यात रात्री शिरून एक नकाशा पळवायचा आहे. तटावर पहारेकरी आहे.

चोराचं पात्र घेतलेला म्हणतो, ‘मी झुडपाआड लपतो.’ पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार इथे आधी एक प्रश्न येतो : पहारेकऱ्याला तो स्पष्ट दिसतोय का? दिसत असेल, तर फासा टाकायचाच नाही. डोळ्यांदेखत कुणी लपू शकत नाही. आधी आडोसा हवा, दाट धुकं हवं किंवा काळोख हवा.

ही अट पूर्ण झाली, तरच वीस बाजूंचा फासा. आलेल्या आकड्यात चोराचं स्टेल्थ मिळवायचं. समोर असतं पहारेकऱ्याचं ‘पॅसिव्ह परसेप्शन’, म्हणजे मुद्दाम शोध न घेता सहज जेवढं लक्षात येईल तेवढं. ते काढायचं सूत्र सोपं आहे : १० अधिक त्याच्या कौशल्याचे गुण. पहारेकऱ्याचे गुण २ असतील, तर हा आकडा होतो १२.

चोराचं स्टेल्थ ५ असेल, तर १२ गाठायला फाशावर ७ किंवा जास्त हवेत. २० पैकी १४ आकडे चालतात. म्हणजे ७० टक्के संधी.

उजेडानं हे गणित बदलतं. नियमांत मशाल २० फुटांपर्यंत लख्ख उजेड देते आणि त्यापुढे आणखी २० फूट अंधुक. अंधुक उजेडात डोळ्यांवर भिस्त असलेल्या पहारेकऱ्याचे ५ गुण कमी होतात. १२ चे होतात ७. मग तोच चोर ९५ टक्के वेळा निसटतो. चोरानं मशालीपासून लांब राहावं, हे शहाणपण इथे थेट आकड्यांत दिसतं.

चौघं एकत्र निघाले तर?

खरी गंमत इथे आहे. चौघांचंही स्टेल्थ ५ आहे असं धरा. प्रत्येकाला ७० टक्के संधी. पण एक जण दिसला की सगळे दिसले, असं डीएमनं ठरवलं तर? चौघांनाही एकाच वेळी जमण्याची शक्यता उरते फक्त २४ टक्के. चारपैकी तीन वेळा बेत फसणार.

त्यात योद्ध्यानं साखळ्यांचं चिलखत घातलं असेल, तर त्याला दोन फासे टाकून लहान आकडा धरावा लागतो. ७० टक्क्यांची त्याची संधी ४९ वर येते. योद्ध्याला कुणी सोबत का नेत नाही, त्याचं कारण हे आहे.

यावर पुस्तकातच तोडगा आहे. गटाची चाचणी घ्यायची आणि निम्म्या जणांना जमलं की सगळ्यांना जमलं असं मानायचं. तरबेज चोर इतरांना सांभाळून नेतो, असा त्याचा अर्थ. हा नियम लावला की त्याच चौघांची शक्यता २४ वरून जवळपास ९२ टक्क्यांवर जाते. फासे तेच, पात्रं तीच. डीएमनं कोणता नियम निवडला, एवढाच फरक.

अदृश्य झाल्यावर लपायची गरज काय?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. मांत्रिकानं मंत्र टाकला, चोर अदृश्य झाला. आता तो पहारेकऱ्याच्या समोरून नाचत गेला तरी चालेल का?

नाही. अदृश्य म्हणजे दिसत नाही, इतकंच. पायाखालची वाळलेली पानं वाजतात, ओल्या मातीत ठसे उमटतात. त्यावरून त्याचं ठिकाण कळू शकतं, असं नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. अदृश्य होण्याचा मुख्य फायदा असा की लपायला झुडूप लागत नाही. भर अंगणातही लपण्याचा प्रयत्न करता येतो. पण तो प्रयत्न करावाच लागतो, आणि फासाही टाकावाच लागतो.

अदृश्य माणूस लपलेला नसला तरी त्याला मारणं अवघड असतं. मारणाऱ्याला दोन फाशांतला लहान आकडा धरावा लागतो. उलट अदृश्य माणूस स्वतः वार करतो, तेव्हा त्याला मोठा आकडा मिळतो. तो नीट लपलेला असेल, तर समोरच्याला तो कुठे आहे याचा अंदाजच बांधावा लागतो. अंदाज चुकला की वार हवेत.

मात्र वार केला की ठिकाण उघड होतं, मग तो लागो वा चुको. रामायणातला इंद्रजित ढगांआड अदृश्य राहून बाण सोडायचा. तो दिसत नव्हता, पण बाण कोणत्या दिशेनं आला ते तर कळणारच. साध्या ‘इनव्हिजिबिलिटी’ मंत्राची मुदत एक तास असली, तरी वार केला किंवा दुसरा मंत्र टाकला की तो तुटतो. इंद्रजितासारखं अदृश्य राहून लढत राहायचं असेल, तर ‘ग्रेटर इनव्हिजिबिलिटी’ हा वरचा मंत्र लागतो. तो टिकतो जेमतेम एक मिनिट.

अदृश्य माणूस पकडायचा कसा?

‘मिस्टर इंडिया’ हा १९८७ चा सिनेमा आठवतो? अनिल कपूर अदृश्य व्हायचा, पण लाल प्रकाशात दिसायचा. खेळातही असा उतारा आहे. ‘फेअरी फायर’ या मंत्रानं अदृश्य माणसाच्या अंगाभोवती उजेडाची कड उमटते आणि अदृश्य असण्याचा फायदा संपतो. ‘सी इनव्हिजिबिलिटी’नं थेट दिसतं. काही प्राण्यांना डोळ्यांशिवायही आजूबाजूचं कळतं. त्यांच्यासमोर हा मंत्र फुकट.

मंत्र नसेल, तर खेळाडू साधे उपाय शोधतात. वाटेवर पीठ पसरायचं, दोरीला घुंगरू बांधायचे, दारात पाणी सांडून ठेवायचं. यातलं काय चालेल, हे डीएम ठरवतो.

२०२४ मध्ये काय बदललं?

जुन्या नियमांत लपणं जमलं की नाही, हे समोर कोण आहे त्यावर ठरायचं. २०२४ च्या नव्या पुस्तकानं एक ठाम आकडा दिला. दाट अंधार किंवा पुरेसा आडोसा असेल आणि शत्रूची थेट नजर नसेल, तर फाशावर एकूण १५ आणायचे. ते आले की पात्राला ‘इनव्हिजिबल’ ही स्थिती मिळते. आलेला आकडा लिहून ठेवायचा. शोधणाऱ्याला तेवढा आकडा गाठावा लागतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, वार केला, मंत्र मोठ्यानं म्हटला किंवा शत्रूला सापडला, की ती स्थिती संपते.

हिशेब सोपा झाला, पण शब्दानं घोळ घातला. मंत्रानं अदृश्य झालेला आणि झुडपाआड दडलेला, दोघांनाही आता एकच नाव. मग झुडपाआडून उठून कुणी पहारेकऱ्यासमोर उजेडात आला, तर तो अजून ‘इनव्हिजिबल’ का? शब्दाला धरून चालणारे ‘हो’ म्हणतात. समोर आला म्हणजे सापडलाच, असं इतरांचं म्हणणं.

दुसरे खेळ काय करतात?

‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीनं पायऱ्या स्पष्ट केल्या. पहिली : तुम्ही समोर दिसताय. दुसरी : दिसत नाही, पण कुठे आहात ते कळतंय. तिसरी : कुठे आहात तेही कळत नाही. चौथी : तुम्ही आहात याचाच पत्ता नाही. दुसऱ्या पायरीवरच्या माणसावर वार करायचा तर आधी एक फासा, त्यावर ११ किंवा जास्त. म्हणजे निम्मे वार वायाच.

‘ब्लेड्स इन द डार्क’ या जॉन हार्पर यांच्या खेळानं वेगळीच वाट धरली. तिथे कागदावर एक वर्तुळ काढतात आणि त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतात. चूक झाली की पहारेकऱ्यांच्या संशयाचे भाग रंगवायचे. वर्तुळ भरलं की बोंब उठली. एका वाईट फाशानं सगळा बेत कोसळत नाही, धोका हळूहळू वाढत जातो.

वाद टाळायचा कसा?

पात्र मेलं की महिनोन्‌महिने रंगवलेली गोष्ट एका क्षणात संपू शकते. ‘मी लपलो होतो, मग मला बाण लागलाच कसा’ या प्रश्नावर मित्रांमध्ये अबोला धरला जातो, त्याचं कारण हे आहे. खेळाडूला आपण सुरक्षित आहोत असं वाटत असतं, डीएमच्या डोळ्यांसमोर मात्र वेगळंच चित्र असतं. चूक बहुतेक वेळा फाशाची नसते. दोघांनी डोळ्यांसमोर आणलेला किल्लाच वेगळा असतो.

म्हणून फासा हातात घेण्याआधी तीन प्रश्न मोठ्यानं विचारावेत. समोरच्याला मी दिसतोय का? माझा आवाज जातोय का? मी कुठे आहे हे त्याला कळतंय का? तिन्हींची उत्तरं टेबलावर सगळ्यांसमोर आली, की नंतर निकाल विरोधात गेला तरी तो अन्याय वाटत नाही. गटाची चाचणी घ्यायची की प्रत्येकाची वेगळी, उजेडात आल्यावर लपणं टिकतं का, हेही पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं.

सुरुवात करायला खर्चही फारसा नाही. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत खुले आहेत. वीस बाजूंचा फासा नसेल, तर मोबाइलवर टाकता येतो. नियमांचं भाषांतर मात्र टेबलावर बसलेल्यांनीच करायचं. डबा ऐसपैसमध्येही कुठपर्यंत लपायचं, कोणतं घर चालणार नाही आणि नाव चुकलं तर काय, हे पोरं आधीच ठरवतात. डबा त्यानंतर फेकला जातो.